प्रवासातील फसवणूक टाळण्यासाठी : पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पहिल्या मोठ्या प्रवासात मला ज्या माणसाने गंडवले, तो अत्यंत सभ्य होता. एका प्रसिद्ध प्रार्थनास्थळाच्या कुंपणाबाहेर मी नकाशा पाहत उभा असताना त्याने अदबीने सांगितले की आज विशेष विधी असल्यामुळे प्रवेश दुपारनंतरच मिळेल आणि तोवर जवळची दोन ठिकाणे पाहून यावीत. वाहन त्यानेच थांबवून दिले, भाडेही नाममात्र ठरवून दिले. दुसऱ्या ठिकाणाहून ते वाहन परस्पर एका जवाहिऱ्याच्या दुकानासमोर येऊन थांबले आणि ‘सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस’ असल्याचे ऐकून मी एक निळा खडा विकत घेतला. परतल्यावर तो काचेचा निघाला. प्रार्थनास्थळ त्या दिवशी सकाळपासून उघडेच होते. त्याचे प्रवेशद्वार मी उभा होतो तिथून जेमतेम दोनशे पावलांवर होते आणि तेवढे चालून जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी, हे मला सुचले नव्हते.

पुढे वाचनात आले की याच पद्धतीने बँकॉकच्या राजवाड्याभोवती कित्येक वर्षे पर्यटकांना फसवले जात आहे. म्हणजे माझ्या बाबतीत काहीही नवीन घडले नव्हते. मला माहीत असलेले फसवणुकीचे बहुतेक प्रकार जुने आहेत, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना त्यांचा फक्त पोशाख बदलतो, आणि ते प्रवाशाच्या अज्ञानापेक्षा त्याच्या घाईवर आणि भिडेवर अधिक पोसले जातात. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण प्रवासाला निघणाऱ्याने पारपत्राइतकीच जवळ बाळगावी. पुढे दिलेले टप्पे याच दृष्टीने मांडले आहेत. जे निर्णय शांतपणे आधी घेता येतात ते आधीच घेऊन टाकावेत, म्हणजे अनोळखी रस्त्यावर थकलेल्या अवस्थेत ठरवण्यासारखे फार कमी उरते.

सोबत काय असावे

निघण्यापूर्वी पुढील गोष्टींची जुळवाजुळव करा. यांतील एकही वस्तू महाग नाही, पण अडचणीच्या वेळी त्या शोधत बसण्याइतका वेळ नसतो.

• पारपत्राच्या ओळख-पानाच्या व व्हिसाच्या दोन छायाप्रती, त्यांपैकी एक मूळ पारपत्रापासून वेगळ्या पिशवीत
• त्याच कागदांची छायाचित्रे, इंटरनेट नसतानाही उघडतील अशा रीतीने फोनमध्ये आणि शिवाय स्वतःच्या ईमेलवर
• दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे, आणि ती बंद करण्यासाठीचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून
• प्रवास विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि दाव्यासाठीचा संपर्क
• जिथे जात आहात तिथल्या आपल्या दूतावासाचा पत्ता व तातडीचा क्रमांक
• मुक्कामाच्या ठिकाणाचा पत्ता, स्थानिक लिपीतही
• त्या शहराचा ऑफलाइन नकाशा
• कमी रक्कम असलेले एक जास्तीचे पाकीट

टप्पा १ : व्हिसा, तिकीट आणि निवास

फसवणुकीची सुरुवात घर सोडण्यापूर्वीच होऊ शकते. व्हिसासाठी शोधयंत्रात देशाचे नाव टाकले की सर्वांत वर येणारे दुवे पुष्कळदा जाहिराती असतात. अमेरिकेची ईएसटीए किंवा ब्रिटनची ईटीए यांसारख्या ऑनलाइन परवानग्यांसाठी सरकारी रंगसंगतीची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळे आढळतात. त्यांतील काही जादा शुल्क घेऊन तुमचाच अर्ज पुढे पाठवणाऱ्या मध्यस्थांची असतात, तर काही केवळ पारपत्राचा तपशील आणि कार्डाचा क्रमांक गोळा करण्यासाठी उभी केलेली असतात. पत्त्याचा शेवट तपासणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट गव्ह’ने आणि ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांचा ‘डॉट गव्ह डॉट यूके’ने संपतो. पत्त्याच्या मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ ही अक्षरे असणे पुरेसे नाही, ती संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटीच, म्हणजे त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या (/) लगेच आधी, असावी लागतात. ज्या देशांत अशी ठरावीक पद्धत नाही, तिथे त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यानेच अर्जापर्यंत जावे. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. पलीकडे ती घेणारा प्रामाणिक आहे की भामटा, हे त्यावरून कळत नाही.

निवासाच्या बाबतीत एकच नियम कसोशीने पाळावा : ज्या संस्थेच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून खोली निवडली, त्याबाहेर एकही रक्कम देऊ नये. घरमालक म्हणवणारी व्यक्ती थेट बँक खात्यात पैसे मागते, सवलतीचे आमिष दाखवते आणि रक्कम पोहोचताच दिसेनाशी होते. घर खरे असले, तरी ते त्या व्यक्तीचे नसते. छायाचित्रे दुसऱ्याच एखाद्या जाहिरातीतून उचललेली आहेत का, हे चित्राने शोध घेतल्यास पुष्कळदा उघड होते.

याहून अवघड असा एक प्रकार अलीकडे पसरला आहे. खोली आरक्षित झाल्यानंतर काही दिवसांनी, त्याच ॲपच्या संदेशपेटीत, त्याच हॉटेलच्या नावाने संदेश येतो की तुमच्या कार्डाची पडताळणी अपूर्ण आहे आणि काही तासांत दिलेल्या दुव्यावर तपशील न भरल्यास आरक्षण रद्द होईल. संदेशात तुमचे नाव आणि तारखा अचूक असतात, कारण हॉटेलच्या खात्यात शिरकाव करून तो तिथूनच पाठवलेला असतो. अशा वेळी दुव्याला हात न लावता हॉटेलला स्वतः शोधलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. विमान कंपन्यांच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी. उड्डाण रद्द झाल्यावर शोधयंत्रात सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक बनावट असू शकतो. समाजमाध्यमावर कंपनीच्या नावाने तक्रार लिहिताच काही मिनिटांत मदतीला धावून येणारे खातेही पुष्कळदा भामट्यांचेच असते. क्रमांक तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यावा.

टप्पा २ : पैशांची विभागणी

सगळे पैसे आणि सगळी कार्डे एका ठिकाणी ठेवू नका, हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो आणि तो पाळणारे थोडे असतात. मी रोकड तीन ठिकाणी ठेवतो : दिवसभराच्या खर्चापुरती खिशात, मोठी रक्कम कपड्यांच्या आत बांधलेल्या पट्ट्यात, आणि दुसरे कार्ड व थोडे पैसे मुक्कामाच्या सामानात. खिशातले पाकीट गेले तर तो दिवस वाईट जातो, एवढेच. कपड्यांच्या आतला पट्टा भर रस्त्यात उघडायचा नाही, कारण तो उघडला की तो कुठे आहे हे पाहणाऱ्याला समजते.

बँकेच्या ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराची सूचना चालू करा आणि परदेशातील व्यवहारांची मर्यादा स्वतःच खाली आणा. सूचना ज्या सिमकार्डावर येतात ते परदेशात चालू राहील याचीही आधी खात्री करून घ्या, अन्यथा नेमक्या अडचणीच्या वेळी ओटीपी मिळणार नाही. संपर्काविना पैसे घेणारे यंत्र गर्दीत खिशाला लावून कार्ड रिकामे करतात, अशी भीती दाखवून विशेष पाकिटे विकली जातात. ती घ्यायची तर घ्यावीत, परंतु गर्दीतला खरा धोका अजूनही हाताने पाकीट काढून नेणाऱ्याचाच आहे.

टप्पा ३ : उतरल्यानंतरचा पहिला तास

संपूर्ण प्रवासातील सर्वांत नाजूक वेळ ही असते. झोप झालेली नसते, चलन अनोळखी असते आणि हातात सामान असते. विमानतळाच्या किंवा स्थानकाच्या आतच, बाहेरच्या गराड्यात पाऊल टाकण्यापूर्वी, शहरात कसे जायचे हे ठरलेले असावे. बस किंवा रेल्वे असल्यास उत्तम. टॅक्सीच घ्यायची असल्यास अधिकृत रांगेतून किंवा ॲपवरून घ्यावी, आणि दाराशी येऊन ‘टॅक्सी?’ असे विचारणाऱ्याबरोबर जाऊ नये.

टॅक्सीत बसण्यापूर्वी मीटर चालू होणार का, हे विचारा. ‘मीटर बिघडला आहे’ असे उत्तर आल्यास दुसरी टॅक्सी पाहा, किंवा एकूण भाडे किती, ते सर्वांचे मिळून की माणशी, आणि त्यात सामान व टोल धरले आहेत का, हे सारे ठरवूनच बसा. माणशी आणि एकूण यांतील गोंधळ मुद्दाम ठेवला जातो. ॲपवरून गाडी मागवली असेल तर चालकाला आपले नाव सांगू नका, त्यालाच ते विचारा. ‘तुम्हीच ना अमुक?’ असे आपणच म्हटले, तर समोर उभा असलेला कोणीही मान डोलावेल. वाटेत ‘तुमचे हॉटेल बंद पडले आहे’ किंवा ‘तिथे आग लागली होती’ असे सांगून दलालीच्या हॉटेलात नेण्याचा प्रकार फार जुना आहे. अशा वेळी वाद न घालता ‘मला तरीही तिथेच सोडा’ एवढेच म्हणावे आणि फोनवरील नकाशात गाडी कुठे चालली आहे ते पाहत राहावे.

पैसे देण्यापूर्वी सामान गाडीतून उतरवून घ्या. नोट देताना तिची किंमत मोठ्याने उच्चारा. मोठी नोट चटकन खाली टाकून तितक्याच आकाराची लहान नोट वर धरायची आणि ‘तुम्ही ही दिली’ असे म्हणायचे, ही हातचलाखी नवख्या माणसावरच चालते, कारण त्याला नोटांचे रंग अजून ओळखू येत नसतात. म्हणून चलन हातात पडल्यावर पाच मिनिटे बसून प्रत्येक नोट नीट पाहून घ्यावी.

टप्पा ४ : रस्त्यावरील अनोळखी सलगी

या टप्प्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक प्रवासी इथेच सापडतात, आणि ज्यांना आपण सहज फसणार नाही असा विश्वास वाटतो तेही सापडतात.

पॅरिसमध्ये नदीकाठाने चालताना समोरची व्यक्ती वाकून जमिनीवरून अंगठी उचलते, ती तुमची आहे का असे विचारते, मग ती तुम्हालाच भेट म्हणून देऊ करते आणि थोड्या वेळाने बदल्यात पैसे मागते. अंगठी पितळेची असते आणि ती उचलणाऱ्याने स्वतःच टाकलेली असते. त्याच शहरात मोंमार्त्र टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटात दोरा बांधणारे उभे असतात. हात पुढे आला की क्षणात गाठ मारली जाते, आणि मग त्या दोऱ्याची किंमत सांगितली जाते. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिश करणारा तुमच्यापुढून चालताना त्याचा ब्रश पडतो, तुम्ही तो उचलून देता, तो आभाराच्या भरात तुमचे बूट चमकवू लागतो आणि शेवटी भरमसाट रक्कम मागतो. या तिसऱ्या युक्तीत चांगुलपणा तुमच्याकडूनच वसूल केला जातो, म्हणून मला ती सर्वांत निर्दय वाटते.

बीजिंगच्या वांगफुजिंग आणि शांघायच्या नानजिंग या खरेदीच्या रस्त्यांवर विद्यार्थी म्हणवणारे तरुण-तरुणी इंग्रजीच्या सरावासाठी बोलू लागतात आणि चहाच्या पारंपरिक समारंभाला घेऊन जातात. बिल येते तेव्हा ते तुमच्या अनेक दिवसांच्या खर्चाइतके असते आणि ते ‘मित्र’ आपला वाटा काढून देण्याचे नाटक करतात, जेणेकरून तुम्हाला नाही म्हणण्याची भीड पडावी. बुडापेस्टमध्ये हाच खेळ मद्यालयात चालत आला आहे. अनोळखी व्यक्तीने सुचवलेल्या जागी जाऊ नये. बोलायचेच असेल, तर जागा तुम्ही निवडा. ज्याला खरोखर गप्पा मारायच्या आहेत तो तुमच्या निवडीलाही तयार होतो, आणि ज्याला दलाली मिळवायची आहे तो काहीतरी कारण काढून निघून जातो. इतकी सोपी परीक्षा दुसरी नाही.

लक्ष विचलित करण्याचा वर्ग वेगळा आहे. बार्सिलोना आणि ब्वेनोस आयरेस या शहरांत खांद्यावर अचानक काहीतरी चिकट पडते, एखादी कनवाळू व्यक्ती कागदी रुमाल घेऊन पुसायला धावते, आणि तिचा साथीदार तोवर तुमची पिशवी उचलतो. सह्यांची मोहीम राबवणाऱ्या मुली पुठ्ठ्यावरचा कागद तुमच्या नजरेखाली धरतात, आणि त्याच पुठ्ठ्याआड हात खिशात जातो. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर तीन पेल्यांखाली गोळी लपवण्याचा जुगार मांडलेला दिसतो. तिथे जिंकणारे प्रेक्षक त्याच टोळीचे असतात, आणि उरलेल्या गर्दीचे खिसे चाचपण्याचे काम वेगळ्या माणसाकडे असते. अंगावर काही सांडले तर तसेच पुढे चालत राहा, एखाद्या दुकानात शिरा आणि तिथे स्वतः पुसा.

इतक्या सगळ्या युक्त्या पाठ करण्याची आवश्यकता नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हे बोलणे कोणी सुरू केले? मी ज्याच्याकडे वाट विचारायला गेलो तो माणूस फसवणारा निघण्याची शक्यता अगदी कमी असते, कारण त्याला मी निवडलेले असते. जो स्वतःहून माझ्याकडे आला, ज्याच्याजवळ माझ्या अडचणीचे उत्तर आधीच तयार आहे आणि ज्याला ते उत्तर आत्ताच अमलात आणायचे आहे, त्याच्यापासून मी दूर होतो. दूर होताना कारण देत बसू नये. कारण दिले की त्यावर तोड सुचवली जाते. ‘नको, धन्यवाद’ म्हणून, पावले न थांबवता आणि नजर न मिळवता पुढे जाणे उद्धटपणाचे वाटते, याची मला जाणीव आहे. तरीही प्रवासात एवढा उद्धटपणा स्वतःला माफ करावा.

हे सांगताना एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवतो. परक्या शहरांत मला विनामोबदला मदत करणाऱ्यांची संख्या फसवणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. संशयाने इतके ग्रासू नये की कोणाशी बोलणेच नको वाटावे.

टप्पा ५ : चलन बदलताना, एटीएमवर आणि कार्ड वापरताना

चलन बदलून देणाऱ्या दुकानावर ‘कमिशन शून्य’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर नफा दरात लपलेला असतो. विकत घेण्याचा आणि विकण्याचा, असे दोन्ही दर पाहा. त्यांच्यात जितके अधिक अंतर, तितका तुमचा तोटा. कित्येकदा ठळकपणे लावलेला दर उलट दिशेच्या व्यवहाराचा किंवा फक्त मोठ्या रकमांसाठीचा असतो. त्यामुळे पैसे खिडकीत सरकवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ‘सर्व वजा जाता माझ्या हातात नेमके किती येतील?’ आकडा कागदावर लिहून मागा. प्राग शहरात या प्रकारांचा इतका उपद्रव झाला की चेक प्रजासत्ताकाने कायदा बदलला. १ एप्रिल २०१९ पासून तिथे १००० युरोपर्यंतचा विनिमय ३ तासांच्या आत, कारण न देता, रद्द करता येतो, मात्र पावती जपून ठेवलेली असली पाहिजे. अन्यत्र अशी सोय असेलच असे नाही.

नोटा मोजण्यातही हातचलाखी होते, आणि बालीतील गल्लीबोळांतली विनिमय दुकाने त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. दुकानदार तुमच्यासमोर रक्कम बरोबर मोजतो, तुम्हालाही मोजू देतो, मग ‘एकदा शेवटचे पाहतो’ म्हणून गठ्ठा परत घेतो आणि त्यातल्या काही नोटा गल्ल्याच्या मागे पडतात. शेवटची मोजणी तुमचीच असावी. त्यानंतर गठ्ठा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. रस्त्यात उभा राहून उत्तम दर देऊ करणाऱ्याशी तर व्यवहारच करू नये. तिथे चलनातून बाद झालेल्या किंवा भलत्याच देशाच्या नोटा हातात पडतात.

एटीएम शक्यतो बँकेच्या इमारतीतील वापरावे, आणि बँक उघडी असताना वापरावे, म्हणजे कार्ड अडकले तर आत जाऊन सांगता येते. कार्ड घालण्याची खाच हलवून पाहा, कारण तिच्यावर बसवलेले बनावट आवरण चुंबकीय पट्टीवरची माहिती टिपून घेते आणि वर लपवलेला कॅमेरा पिन टिपतो. चिपने होणाऱ्या प्रत्येक व्यवहारासाठी वेगळा संकेत तयार होत असल्यामुळे चिपची नक्कल तशी करता येत नाही. चोरांना म्हणून पट्टी आणि पिन या जोडीची गरज असते, आणि दुसऱ्या हाताने कळफलक झाकला की ती जोडी तुटते. शेजारी उभा राहून ‘पिन पुन्हा टाका, म्हणजे कार्ड बाहेर येईल’ असे सांगणाऱ्या मदतनीसाकडे अजिबात लक्ष देऊ नका.

कार्ड यंत्रावर किंवा एटीएमच्या पडद्यावर ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का?’ असा प्रश्न येतो. हा गुन्हा नाही, पूर्णपणे कायदेशीर सोय आहे, पण तिचा तोटा तुम्हालाच होतो. तुमच्या चलनाचा पर्याय निवडला, की रूपांतराचा दर तुमच्या कार्डाच्या जाळ्याऐवजी (म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कंपनीऐवजी) समोरच्या यंत्रामागील कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग असतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. निवडीचा हक्क ग्राहकाचा असतो. विक्रेत्याने न विचारता बटण दाबले असेल, तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एटीएमवर हाच प्रश्न ‘रूपांतर स्वीकारा’ अशा भाषेत येतो. तिथे ‘नाकारा’ म्हटल्याने पैसे मिळणे थांबत नाही, हे मला कळायला दोन प्रवास जावे लागले.

टप्पा ६ : भाड्याचे वाहन आणि पारपत्र

दुचाकी, मोटार किंवा पाण्यावरील जेट-स्की भाड्याने घेताना दोन सापळे असतात. पहिला म्हणजे परत करताना जुन्या ओरखड्यांची भरपाई मागणे, आणि यासाठी थायलंडच्या पटाया व फुकेत येथील जेट-स्कीचे व्यवहार बदनाम आहेत. वाहन ताब्यात घेण्यापूर्वी मालकाच्या देखत चहूबाजूंनी, चाकांसह आणि जेट-स्की असल्यास तळासह, चित्रफीत काढा. जो मालक चित्रफीत काढू देत नाही, त्याचे वाहन घेऊ नका. दुसरा सापळा अनामत म्हणून मूळ पारपत्र ठेवून घेण्याचा आहे. पारपत्र त्यांच्या ताब्यात असले की वाद कोणत्या रकमेवर मिटणार हे तेच ठरवतात. छायाप्रत आणि रोख अनामत देऊ करा. तेवढ्यावर भागत नसेल, तर दुसरे दुकान शोधा.

टप्पा ७ : पोलीस असल्याची बतावणी

साध्या कपड्यांतील दोन माणसे ओळखपत्र क्षणभर दाखवतात आणि बनावट नोटांच्या किंवा अमली पदार्थांच्या तपासाच्या नावाखाली पाकीट मागतात. कधी त्याआधी एक ‘पर्यटक’ येऊन तुमच्याशी बोलतो, आणि त्याचेही पाकीट तपासले जाते, म्हणजे सारे खरे वाटावे. रस्त्यात कोणालाही पाकीट देऊ नका. शांतपणे सांगा की तुम्ही सहकार्य करायला तयार आहात, मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात, आणि तिकडे पायी चालत. त्यांच्या गाडीत बसू नका. खात्री करून घ्यायची असल्यास तातडीचा क्रमांक स्वतः लावा. युरोपीय संघात सर्वत्र ११२ हा क्रमांक चालतो, आणि थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ आहे.

पोलीस खरे निघाले आणि तुम्हाला अटक झाली, तर आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने दिलेला आहे. दूतावास तुम्हाला सोडवून आणत नाही, दंडही भरत नाही. तो वकिलांची यादी देतो, घरी निरोप पोहोचवतो आणि हरवलेल्या पारपत्राऐवजी परतीसाठी तात्पुरता प्रवासदस्तऐवज मिळवून देतो.

टप्पा ८ : फोन

हा टप्पा थोडक्यात. सार्वजनिक वाय-फायला जोडल्यावर उघडणाऱ्या पानाने ईमेलचा पासवर्ड किंवा कार्ड क्रमांक मागितला, तर ते पान बंद करा. वाहनतळाच्या यंत्रावर किंवा भोजनालयाच्या टेबलावर मूळ क्यूआर कोडवर दुसरा चिकटवलेला आहे का, हे बोट फिरवून पाहा, आणि पैसे देण्यापूर्वी उघडलेला पत्ता वाचा. सार्वजनिक यूएसबी खाचेतून फोनमधील माहिती चोरली जाते, या इशाऱ्याचा गाजावाजा बराच झाला आहे. स्वतःचा चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावला की हा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे मी त्याची फारशी चिंता करत नाही. फोनच चोरीला जाणे हे त्याहून कितीतरी अधिक घडते. फोन दुरून शोधण्याची व पुसून टाकण्याची सोय निघण्यापूर्वी चालू करून ठेवा.

टप्पा ९ : फसवणूक झालीच तर

प्रथम कार्ड बंद करा, नंतर पोलिसांकडे जा. क्रम उलटा झाला तर तक्रार लिहून होईपर्यंत खाते रिकामे होऊ शकते. पोलिसांकडून पैसे परत मिळतील अशी आशा फारशी ठेवू नका, पण तक्रारीची प्रत मात्र मिळवाच. विमा कंपनी तिच्याशिवाय दावा स्वीकारत नाही, आणि कित्येक पॉलिसींमध्ये तक्रार २४ तासांच्या आत नोंदवण्याची अट असते. कार्डाने दिलेल्या पैशांबाबत बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यवहार उलटवण्याची, मागणी करता येते. त्यालाही मुदत असते, म्हणून परतण्याची वाट न पाहता पावत्या, संदेश आणि जाहिरातीची छायाचित्रे जोडून लगेच लेखी कळवा. रोख दिलेले पैसे बहुधा गेलेले असतात, आणि मोठी रक्कम शक्यतो कार्डाने द्यावी असे मी म्हणतो ते याच कारणाने.

लाजेपोटी तक्रार टाळू नका. १९२५ मध्ये व्हिक्टर लस्टिग या ठगाने पॅरिसचा आयफेल मनोरा भंगार म्हणून विकला होता. घेणाऱ्याने नाचक्कीच्या भीतीने पोलिसांकडे जाणे टाळले, आणि त्याच्या मौनाने धीट झालेला लस्टिग पुढे तोच मनोरा पुन्हा विकण्यासाठी त्याच शहरात परतला, असे सांगितले जाते. माझ्या काचेच्या खड्याबद्दल मीही वर्षभर कोणाजवळ बोललो नव्हतो. तोपर्यंत बँकेची मुदत उलटून गेली होती.

फसवणुकीनंतर काही आठवड्यांनी एखादा दूरध्वनी किंवा ईमेल येण्याची शक्यता असते. तुमचे बुडालेले पैसे सापडले आहेत, ते परत मिळवून देणारी संस्था किंवा वकील आम्हीच आहोत आणि त्यासाठी थोडे शुल्क आगाऊ भरावे लागेल, असे त्यात म्हटलेले असते. त्या व्यक्तीला तुमच्या व्यवहाराची रक्कम आणि तारीखही ठाऊक असते, कारण फसलेल्यांच्या याद्या भामटे एकमेकांना विकतात. तिच्याशी चर्चा करू नका, शुल्क भरू नका, आणि तो संदेश तसाच जपून आधीच्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडा.